दोन रेघांनी खोडलेलं नाव

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये, एका गुरुवारी, मी इंटरनेटवर कधीच न टाकलेल्या मजकुराला एका मराठी फोरमवर उत्तर आलं.

तेव्हा मी अंबरनाथच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. भुताखेतांची पत्रं आली की ती केराच्या टोपलीत टाकणं हे माझंच काम होतं.

फोरमवर माझं नाव 'बिनआडनावी'. मोरिवलीतला एक कारखाना पाळी बदलताना नाल्यात रसायन सोडतो, हे मी तिथे लिहीत होतो. माहिती दादाची. माझा सख्खा भाऊ, तिथे कंत्राटी फिटर. त्याची एकच अट होती. "काय लिहायचं ते लिही, माझं नाव नको. गेटबाहेर काढतील."

नाल्याबद्दल फोरमवर कोणी विचारलंच नाही. "आधी आडनाव सांग, मग बोलू." "लपतोस, म्हणजे कोण आहेस ते कळलं." सर्वांत विषारी 'साक्षीदार' नावाने लिहिणारा. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या सायबर कॅफेतून लिहिलं की विचारायचा, "आज कॅम्प तीन का?" विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोजवळून लिहिलं तर, "डेपोसमोर बसलायस ना?" याला तांत्रिक कारण असणार, असं मी धरून चाललो...

त्या गुरुवारी सकाळी पुढचा मजकूर घरी कागदावर लिहिला. आधी हाताने कॉपी, म्हणजे मसुदा लिहायचा, ही आम्हा पेपरवाल्यांची सवय. ओघात दादाचं नाव लिहून गेलो. दोन रेघांनी खोडलं. तरी धीर होईना, म्हणून कागद गॅसवर जाळला आणि राख मोरीत सोडली. घरात मी एकटा होतो. कॉम्प्युटर नव्हता.

दुपारी कॅम्प तीनच्या कॅफेत गेलो.

"क्या भाऊ, आज फिर झगडा?" मालक चाचा हसले.

फोरम उघडला. 'साक्षीदार', सकाळी अकरा दहा — "भावाचं नाव खोडलंस. दोन रेघा कशाला? एक पुरली असती."

चाचांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. कागद घरीच जाळल्याचं मी सांगितलं. त्यांचं हसू गेलं. "घर में कौन था तेरे?"

फोरमच्या चालकांना कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं — 'साक्षीदार' नावाचा सदस्य आमच्याकडे नाही.

शनिवारी कारखान्याच्या गेटवर दादाचा पास काढून घेतला. तो डबा न उघडताच घरी आला.

"साहेबांनी कागद दाखवला. तुझं अक्षर. माझं नाव खोडलेलं... पण लिहिलंसच कशाला रे?"

मी विचारलं, "कागद जळलेला होता?"

"नाही," दादा म्हणाला. "हातात घेऊन बघितला मी. घडीसुद्धा पडलेली नव्हती."