केसांत लपलेला खूर

मंडळी, अजून छातीत धडधडतंय, म्हणून लिहितेय.

आज सकाळी लेकीच्या रायडिंग क्लासला पुण्याहून आलेली माझी आईही सोबत होती. तिथे नवा घोडा आलाय, जिप्सी कॉब जातीचा. काळा-पांढरा, पिंपासारखा रुंद, आणि गुडघ्याखाली इतके दाट केस की खूर दिसतच नाहीत.

आईने पर्समधून कुंकवाची डबी काढली. "दसऱ्याला घोडा पुजायचा असतो, तुमच्या दुबईत तेव्हा कुठे शोधू?" म्हणाली आणि सरळ त्याच्या पायाशी बसून केसांत खूर चाचपू लागली!

"आजी, नो! गेट बॅक!" लेक ओरडली.

घोड्याने पाय उचलला. खाली जमिनीवर आईचा दुसरा हात. त्याने पाय तसाच अधांतरी धरला. आईने निवांत कुंकू लावलं, हात काढला, तेव्हा कुठे त्याने पाय अलगद टेकवला.

घोडे सांभाळणारे कादिरभाई म्हणाले, "यूरोप के रोमानी बंजारों का पहियोंवाला घर खींचते थे ये. बच्चे इन्हीं के पैरों में खेलते थे."

गाडीत आई एवढंच म्हणाली, "त्याला कळत होतं गं, खाली माझा हात आहे."

एवढी ताकद असून इतकं जपून पाऊल टाकणारं कुणी तुम्ही पाहिलंय?