म्हसोबापाशी ठेवलेला दगड

मला राग लवकर येतो, आणि आला की तो लपत नाही. शाळेत पोरं मला पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण गेल्या हिवाळ्यात वडिवळ्याच्या एका म्हाताऱ्या माणसावर, त्याच्याच ओट्यावर बसून, त्याच्याच घरचं पाणी पिऊन झाल्यावर मी जशी खेकसले, तशी आजवर कुणावर खेकसले नसेन.

तळेगावच्या शाळेत मी भूगोल शिकवते. सकाळी दहाच्या सुमाराला नववीचा तास चालला होता आणि खिडक्यांची तावदानं थडथडली. "खाणीत सुरुंग उडवला असेल," असं म्हणून मी फळ्याकडे वळले, कारण आमच्याकडे धडाम झालं की ते खाणीचंच असतं. मग मैदानातून शिपाईमामांनी हाक मारली. बाहेर येऊन बघते तर पश्चिमेकडे आभाळात धुराची एक वाकडी रेघ होती आणि ती हळूहळू विसकटत होती. दुसऱ्या दिवशी कळलं, कामशेतच्या पुढे एका पोल्ट्रीच्या पत्र्याला भोक पाडून लिंबाएवढा काळा दगड आत पडला होता.

पुण्यात उल्कांचा अभ्यास करणारे एक सर आहेत. त्यांच्या शिबिराला मी कधीकाळी गेले होते. त्यांचा फोन आला, "बाई, तुम्ही जवळ आहात. जागा नोंदवा." जागेचं महत्त्व मला समजावायची गरज नव्हती. उल्का आभाळात फुटते, हलके तुकडे आधी पडतात, जड तुकडे त्याच दिशेनं पुढे जाऊन पडतात. दोन दगडांच्या खऱ्या जागा कळल्या की नकाशावर रेघ ओढता येते, आणि सगळ्यात मोठा तुकडा त्या रेघेवर पुढे कुठेतरी असतो. दव लागून गंजायच्या आत, कुणी उचलून न्यायच्या आत तो मोठा तुकडा गाठायचा, एवढंच काम होतं. मला तो हवा होता. तीस वर्षं पोरांना फळ्यावर आभाळ काढून दाखवलं, एकदा खरं हातात घ्यायचं होतं.

पण शनिवार उजाडला आणि जत्रा सुरू झाली. पावसाळ्यात भुशी धरणावर चिंब होणारी माणसं आता काठीला लोहचुंबक बांधून लोकांच्या वावरांतून हिंडत होती. खरं तर चुंबक लावला की दगडातली मूळची चुंबकीय खूण पुसते, पण हे सांगायचं कुणाला? लोणावळ्यात बंगला असलेल्या एका गृहस्थांनी गाडीत पुढच्या काचेपाशी एक काळा तुकडा ठेवला होता, गणपतीच्या शेजारी. मी विचारलं, "कुठे मिळाला?" ते हात हलवून म्हणाले, "इथेच कुठेतरी."

इथेच कुठेतरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जागा गेली की मागे उरतो तो नुसता दगड, आणि दगडांना मावळात काय तोटा आहे? मी त्यांना रस्त्यातच चांगलं सुनावलं. त्यांनी काच वर केली आणि निघून गेले.

चौथ्या दिवशी वडिवळ्याच्या चहाच्या टपरीवर कळलं की गावच्या शिवेवर म्हसोबापाशी काळा धोंडा आला आहे. मी जवळजवळ पळतच गेले. मुठीपेक्षा मोठा दगड होता, करपलेल्या भाकरीसारखा वरून काळा, एका कोपऱ्याला टवका उडून आत राखाडी. शेजारी दगडावर एक आबा बसले होते, गुडघ्यावर काठी आडवी टाकून. मी चारी बाजूंनी फोटो काढले, मोबाइलवरून जागेचे आकडे उतरवले, हात न लावता दगड स्वच्छ पिशवीत घेतला. आबा सगळं बघत होते. मी त्यांना विचारलं, "नेऊ ना हा?" ते म्हणाले, "न्या की. देवाचं काय म्हननं न्हाई." एवढंच आमचं बोलणं झालं.

आता खरं सांगते. त्या दगडाखाली खड्डा नव्हता. गवतसुद्धा चेपलेलं नव्हतं. पडलेल्या दगडाखालची जमीन आधी बघा, हे मीच पोरांना घोकून सांगते. ते मला दिसलं आणि मी वहीत लिहिलं, "खड्डा नाही. जमीन कडक." मला रेघेसाठी दुसऱ्या दगडाची जागा हवी होती आणि ती मिळाली होती.

पोल्ट्री ते म्हसोबा अशी रेघ ओढली तर ती सरळ वडिवळ्याच्या धरणाच्या काठाकडे निघाली. शाळेतले दोघं सहकारी आणि मी, अर्ध्या रजा टाकून आठ दिवस तो काठ पालथा घातला. चिखलात पाय रुतले, गुडघे सुजले. जाता-येता रस्त्यावर जेसीबी आडवा येई. वरच्या माळावर बंगल्यांचे प्लॉट पडत होते, सगळा उतार खरवडून मुरूम पसरायचं काम सुरू होतं. धुळीनं तोंड भरायचं आणि मी ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या घालायचे. सहकाऱ्यांना एकदा म्हणालेही, "बरं झालं बाई, आपली रेघ त्या माळावरून जात नाही."

नवव्या दिवशी पाणी मागायला आबांच्याच घरी गेलो. त्यांच्या घरच्या मावशींनी ओट्यावर पाणी दिलं आणि रिकामा तांब्या परत घेताना विचारलं, "घावला का त्याचा जोडीदार?"

"नाही ना मावशी. धरणाच्या काठाला काहीच नाही."

"काठाला कशाला शोधताय? ह्यास्नी तर वर घावला व्हता. त्या जेसीबीच्या माळाला, म्हशी चारताना."

मी आबांकडे बघितलं. ते तंबाखू मळत होते.

"मग तो म्हसोबापाशी कसा आला?"

"म्या आनून ठेवला. बेवारशी वस्तू घावली तर घरात न्हेत न्हाईत. कुनाची हरवल्याली हाय का देवाची, ते कळंस्तोवर शिवंवर ठेवायची. आमच्याकडं लय जुनी रीत हाय."

तिथे मी ओरडले. आठ दिवस आम्ही मरतोय, माळ रोज खरवडला जातोय, तुम्हाला एक शब्द सांगता आला नाही? तुमच्या डोळ्यांदेखत मी आकडे उतरवले, तोंडात काय होतं तुमच्या? मावशी तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

आबा म्हणाले, "तुमी इचारलंच न्हाई बाई. आन् शिवंवर ठिवल्यालं तितलंच असतं व्हय? एवढं तर लेकराला बी कळतं. मला वाटलं, तुमी शिकल्याल्या, तुमाला म्हाईत असंल."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आबा काठी घेऊन आमच्यापुढे माळ चढले. वर एकही झाड उरलं नव्हतं. सपाट तांबडा मुरूम, त्यावर फक्कीनं आखलेले चौकोन, कडेला उपटलेल्या करवंदीच्या जाळ्यांचा ढीग. खरी रेघ याच माळावरून जात होती, आणि पुढचा सगळा उतार मुरमाखाली गेला होता. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "काला पत्थर तो बहुत निकला मॅडम, सब भराव में डाल दिया." त्याच्यावर ओरडायला माझ्याकडे तोंड राहिलं नव्हतं.

आबा बराच वेळ फिरले. काठीनं एकीकडे दाखवायचे, पुन्हा मान हलवायचे. "हितं हिरड्याचं झाड व्हतं. त्याच्या खालतीकडं... न्हाई, जरा तितं." शेवटी काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आता न्हाई सांगता येत बाई. खोटं कशाला सांगू."

त्यांना ते म्हणता आलं. मला नऊ दिवसांपूर्वी म्हणता आलं नव्हतं. मी त्यांची माफी मागितली, तीही घुश्श्यातच, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला येत नाही. मग तिथेच मुरमावर बसून वही काढली. "जमीन कडक" ही माझ्याच अक्षरातली ओळ खोडली, म्हसोबाचे आकडे खोडले, आणि जागेच्या रकान्यात लिहिलं : वरचा माळ, इथेच कुठेतरी.