चार चाकं, दोन लिंबं

आमची स्पोर्ट्स कार दोनच सीटांची. एक माझी, एक बायकोची. मागची दोन टायरं झिजली म्हणून गाडी कलबुर्गीला नेली. कंपनी तीच, नावही तेच, पण टायर आता नव्या प्रकारचं यायला लागलं होतं. नक्षी वेगळी, रबर मऊ.

"अण्णा, चारी बदला," दुकानदार म्हणाला. "पुढं जुनं, मागं नवं, मेळ बसत न्हाई. पावसात वळणावर गाडी सरळच पळंल."

"मागची दोनच टाक. मला कामून शिकवायलास?" मी खेकसलो. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त राग आला.

ही गाडी पहिल्यांदा भालकीला घरी आणली तेव्हा बायकोनं चारी चाकांखाली लिंबं ठेवली होती. गाडीनं लिंबं चिरडली तेव्हा ती शेजारच्या सीटवर पोरीसारखी टाळ्या पिटत होती. पुढच्याच उन्हाळ्यात ती गेली.

पावसात मी गाडी काढत नाही. यंदा दसऱ्याला धुतली, हार घातला, मागच्या नव्या टायरांखाली लिंबं ठेवली आणि एकटाच आत बसलो.

शेजारच्या अक्कानं कंपाउंडवरून विचारलं, "पुढं कामून न्हाई ठेवली?"

"पुढची तिनं ठेवलेली हायत."