कोनाकोनाचा कण

फोन आला तेव्हा मी एका बाईचं रेशनकार्ड लॅमिनेट करत होतो. "दादा गेला," यशवंतचा धाकटा भाऊ कामठ्याहून सांगत होता. मी 'हो' म्हटलं, कार्डाच्या कडा कापल्या, बाईला दिलं. रडू आलं नाही. महिना झाला, अजून नाही.

यशवंत गोंदियाच्या एका कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवायचा आणि उरलेल्या वेळात तांदळाच्या धुवणामागे लागलेला असायचा. त्या गढूळ पाण्यातून जाताना प्रकाश कुठल्या बाजूला किती विखुरतो, ते गणिताने सांगायचं, ही त्याची पीएचडी. बहुतेक लोक असा कण गोल धरून मोकळे होतात, गोलाचं गणित पटकन सुटतं. पण तांदळाच्या पिठाचा कण असतो कोनाकोनाचा. हा पठ्ठ्या तो कण हजारो ठिपक्यांनी रचायचा आणि प्रत्येक ठिपक्याचा बाकी सगळ्यांवरचा परिणाम काढत बसायचा. माझ्या कॉम्प्युटर क्लासमधलं सगळ्यात बरं मशीन त्यात तीन-तीन दिवस अडकायचं... आणि लोडशेडिंग तीन दिवस कोणाला देतंय!

प्रबंधाच्या मुदतीला चार दिवस उरले तेव्हा गणित पाचव्यांदा अर्ध्यात बंद पडलं. मला त्याचं तोंड पाहवेना. पुन्हा लावतो म्हणालो आणि गुपचूप कण गोल करून टाकला. अर्ध्या तासात उत्तर आलं, ते दाबून ठेवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रिंट हातात दिली. त्याने कागद खिडकीशी नेला, आलेखाच्या एकसारख्या लाटांवरून बोट फिरवलं.

"हा गोल आहे. काऊन केला तू?"

"कोन पाहून राहिलं बे? देऊन टाक."

"मी पाहून राहिलो न."

कोणीतरी मंत्री यायचे होते म्हणून त्या तीन दिवसांत लाईट एकदाही गेली नव्हती. मी शहाणपणा केला नसता तर खरं उत्तर आलं असतं. तो कागद त्याने प्रबंधात घातलाच नाही. मुदत गेली, नोंदणी रद्द झाली. गाईडला त्याने मशीन बिघडलं एवढंच सांगितलं. पुढेही रोज चहाला येत राहिला, त्या विषयावर चकार शब्द नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग किडनीचं दुखणं निघालं, आणि माफी मागायची माझ्याकडून राहूनच गेली.

परवा त्याची बायको, मायावहिनी, त्याच्या गणिताची सीडी घेऊन आल्या. मी तोच कोनांचा कण नव्या मशीनवर लावला. वहिनी स्टुलावर बसून होत्या. चाळीस मिनिटांत पडद्यावर वाकडीतिकडी रेघ उमटली. प्रिंट काढून मी त्यांच्यापुढे धरली, झालं म्हणालो.

त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

"आता हे कोनाले द्याचं, भाऊजी?"