निळा कुठं लागला

हौसेराव निकमांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाळी सातची, रबाळ्याला. त्याआधी तुर्भ्याच्या खोलीत ते तासभर स्क्रेपरला, म्हणजे लोखंड खरवडायच्या हत्याराला, दगडावर धार लावत. कारखान्याच्या वेळेत धार लावणं त्यांना कामचुकारपणा वाटे. बत्तीस वर्षं त्यांनी मशिनचे बेड हातानं खरवडून सपाट केले. आता निवृत्तीला दोन महिने उरले होते.

मुलगी तेजश्री त्याच वेळी लॅपटॉपपुढं बसलेली असे. संशोधन करते म्हणे. मार्चमध्ये तिची शिष्यवृत्ती संपली. ऐरोलीतली एक कंपनी नोकरी देत होती, सोमवारपर्यंत होकार हवा होता. तिला मात्र संशोधनाला आणखी एक वर्ष पाहिजे होतं.

"बसून चित्रं बघायला वर्ष?" हौसेराव म्हणाले.

"बघा तरी एकदा, आबा."

पडद्यावर दोन प्रथिनं एकमेकांना चिकटली होती. एक पेशीची राखण करणारं, दुसऱ्यानं त्याला जखडलेलं. राखण थांबली की कर्करोगाची गाठ वाढते. ही पकड सोडवणारा रेणू तेजश्रीला घडवायचा होता.

हौसेरावांनी बराच वेळ पाहिलं. "दोन्ही अंगं सपाटच दिसतात. निळा कुठं लागला?"

"निळा?"

"लोखंडाची दोन सपाट अंगं पूर्ण टेकली असं वाटतं. मधे निळा रंग लावून घासलं की कळतं, टेकतात मोजक्या ठिपक्यांवर. काम तिथंच असतं."

तेजश्रीनं पडद्यावरचं चित्र फिरवून जवळ आणलं. "तीन ठिकाणी, आबा. एकेक जागा बदलून पाहिली. चाळीसांतल्या तीनच बदलल्यावर पकड सुटली. त्या तिन्ही या खोबणीत बसतात. माझा रेणू तिथं आधी जाऊन बसला पाहिजे."

"बसला?"

"सत्ताविसावा रेणू बसला, पण टिकत नाही. या टोकाला फट राहते."

"चाळीस जागांना किती दिवस गेले?"

"दीड वर्ष."

ओट्यापाशी तेजश्रीची आई प्रेमला भाकरी थापत होत्या. "बापाचीच लेक," त्या म्हणाल्या. "एकच जागा घासत बसायची."

हौसेराव हसले नाहीत. इतके दिवस ते तिच्या कामाला बसणं म्हणत आले होते.

"सोमवारी नाही म्हणून कळव," ते म्हणाले. "आणि फट मोजून घे. नजरेवर जाऊ नको."

वर्षभरात तेजश्रीनं आणखी चौदा रेणू केले. शेवटचा खोबणीत टिकला. औषध व्हायला अजून पुष्कळ बाकी होतं, आणि ते होईलच असं तिनं कधी सांगितलं नाही.

ओव्हरटाइमचे पैसे हौसेरावांनी गावी, कोरेगावला, दोन खोल्या बांधायला ठेवले होते. त्यातून त्या वर्षाचं भाडं गेलं, किराणा आला, आणि तेजश्रीचा प्रयोगशाळेपर्यंतचा पास.