स्टिलहाऊसवाल्यांची झाकली मूठ

एकतीस वर्षं शाळेची बस हाकलेल्या बाईला आमच्या स्टिलहाऊस दरीत 'नाही' कोण म्हणणार? अर्वेना स्टेसी दारात उभी राहिली की लोक आधी खुर्ची पुढे करत, मग विचारत, "काय काम काढलंस, मावशी?" अर्ध्या दरीला तिने कधी ना कधी कान धरून बसमध्ये बसवलं होतं.

या खेपेला काम पाण्याचं होतं. कोळशाची खाण बंद पडली तशी कंपनीची पाइपलाइनही गंजून मेली, आणि तेव्हापासून आमच्या नळाला येतं ते नारिंगी पाणी. त्यात चादर बुडवली की चादर गेलीच म्हणून समजा. प्यायचं पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून कॅन भरून आणायचं. एल्झी हर्ली चौऱ्याहत्तर वर्षांचा, फुप्फुसात अर्धी खाण भरलेली, नाकात ऑक्सिजनची नळी. तोही बिचारा कॅन वाहायचा. एक दिवस हा माणूस कॅनसकट आडवा होणार, हे अर्वेनाला दिसत होतं. आणि तिला ते मुळीच मान्य नव्हतं.

वॉशिंग्टनने कायदा करून नळयोजनांसाठी पैसा सोडला होता. पण परतफेडीशिवायचं अनुदान फक्त गरीब वस्त्यांना. आणि सरकारदप्तरी आम्ही डोंगरापलीकडच्या गोल्फवाल्या बंगल्यांच्या गटात! सरासरी काढली की आम्ही श्रीमंत. आता बोला! म्हणून घरोघरी जाऊन उत्पन्नाचे कागद भरून घ्यायचं ठरलं. घरं अठ्ठावन्न. त्यातली तीस सरकारने ठरवलेल्या उत्पन्नाच्या रेषेखाली निघाली की पाणी आलंच.

"तीस? तेवढी तर मी डोळे मिटून दाखवीन," अर्वेना चर्चच्या पास्टरना म्हणाली. नऊ दिवसांत अठ्ठावन्न बंद पाकिटं गोळा करून तिने ती काउंटीच्या कचेरीत नेऊन दिली.

सोमवारी तिथल्या ट्रेंट नावाच्या कारकुनाने तिला बोलावून घेतलं. "मॅडम, रेषेखाली एकोणीसच घरं आहेत. तुमची दरी तर खाऊनपिऊन सुखी दिसते."

"सुखी? अरे, खारी मारून रस्सा करतात तिथे लोक!"

"कागद तसं म्हणत नाहीत. कुणाला दुरुस्ती करायची असेल तर शुक्रवारपर्यंत, स्वतःच्या सहीने."

गाडीत बसल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मेल्यांनी आकडे फुगवून लिहिले होते! पाकीट बंद असलं म्हणून काय झालं, सरकारपुढे 'आमचं भागत नाही' म्हणायचं म्हणजे यांची नाकं कापली जातात. अर्वेनाने गाडीतच चार सणसणीत शिव्या हासडल्या. पाचवी मात्र तोंडातच राहिली, कारण स्वतः तिने काय लिहिलं होतं? वर्षाला सव्वीस हजार डॉलर. बसची नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती, तरी आकडा बसच्या पगाराचाच. खरा लिहायला हात धजला नव्हता. लाजेने तिचे कान तापले.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर सगळे घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव खायला बसले, तेव्हा ती उभी राहिली.

"जेवता जेवता ऐका. मी कागदावर खोटं लिहिलं. सव्वीस हजार लिहिले, मिळतात चौदा हजार सातशे. झालं, सांगून टाकलं. दुरुस्तीचे कोरे कागद मी आणलेत, शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

सगळ्यांचे चमचे थांबले.

"हे चारचौघांत कशाला सांगायचं?" एल्झी गुरगुरला. "आपण काय भिकारी आहोत?"

"भिकारी तोंड उघडून मागतो तरी. आपण मिशांना तूप लावून तहानलेले बसलोय."

कुणीतरी खुदकन हसलं. एल्झी हसला नाही. ऑक्सिजनची टाकी ओढत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा आवाज पार उतरला होता.

"अर्वेना, मला खाणीची पेन्शन धरून सोळा हजार मिळतात. गेल्या जानेवारीत दोनदा तू आमच्या दारात कोळसा टाकून गेलीस. तेव्हाही तुला एवढेच मिळत होते?"

"हो. मग? तुझ्या बायकोला ऊब आली ना?"

एल्झीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते त्याने पुसलंही नाही.

"माझा कागद आण," तो म्हणाला. "आणि पुन्हा कोळसा टाकलास तर तंगडी मोडीन."

त्याच्यामागोमाग पास्टर उठले. मग एकेक करत टेबलंच्या टेबलं.

शुक्रवारी अर्वेनाने नव्या पाकिटांचा गठ्ठा ट्रेंटच्या टेबलावर आपटला. त्याने पाकिटं फोडली, मोजदाद केली, पुन्हा एकदा केली. रेषेखाली चव्वेचाळीस घरं.

"मॅडम, चार दिवसांत एवढी गरिबी आली कुठून?"

"त्या दिवशी तू पाहुणा होतास, बाळा, म्हणून आम्ही तुला बाहेरची खोली दाखवली. हे आमचं स्वयंपाकघर. आता शिक्का मार."

त्याने मारला.