शेजारची खिळ्याची गन

शेजारी गनवाला राहत असला की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. ते भिंतीपलीकडून आपोआप येतात, आणि माझे कान काही बंद नसतात! आमच्या अड्याळला देवानंद आणि त्याची बायको सुनीता माझ्या घराला लागून राहतात. देवानंद सीलिंगची, शेडची कामं करतो. त्याच्या गनमध्ये बारुदाचं लहानसं काडतूस असतं. ते फुटलं की खिळा थेट स्लॅबमध्ये, नाहीतर लोखंडी गर्डरमध्ये.

*

गन नवीन आणली तेव्हा पहिला बार त्यानं स्वतःच्याच पोर्चच्या बीमवर काढला. मी तांदूळ पाखडत होते. सूप एकीकडे, तांदूळ अंगणभर!

"सिलेंडर फुटला का रे?"

"नाही काकू, खिळा ठोकला."

"एका खिळ्यासाठी एवढी दिवाळी?"

*

लाखांदूरचा एक बंगलेवाला म्हणाला, टीव्हीची फ्रेम गननंच ठोक. देवानंदनं आधी, नेहमीसारखा, हातोडीनं एक खिळा मारून पाहिला. विटेचा भुगा पडला.

"साहेब, वीट आहे, तीही पातळ. खिळा तिकडून निघन. पलीकडे कोण राहते?"

"भाऊ."

"बोलचाल आहे?"

"नाही."

"मंग तर बिलकुलच नाही मारत!"

*

कोंढ्याच्या गोदामात मात्र हसण्यासारखं काही झालं नाही. खिळा स्लॅबमधल्या सळईला लागून उलटला आणि देवानंदच्या चष्म्याच्या काचेवर आला. काच तडकली, डोळा वाचला.

संध्याकाळी मी विचारपूस करायला गेले, तर सुनीता त्याच्या तोंडाला चहाचा कप लावत होती. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मी काहीच न विचारता परत आले. मी!

*

त्यानंतर तो गन बीमला टेकवायचा आणि तशीच खाली ठेवायचा. ड्रिलनं काम व्हायचं, पण हळू. ठेकेदार बोलवेनासे झाले. एक जण गन विकत घ्यायलाच आला. देवानंद गनची पेटी ओढून देणार, तर सुनीता त्या पेटीवरच बसली!

"वहिनी, आता तो मारत नाही ना?"

"मारन."

"कवा?"

"तुम्हाले काय घाई आहे? चहा घ्या."

*

आमच्या विहाराच्या नव्या हॉलच्या सीलिंगचं काम निघालं, तेव्हा पेटी देवानंदनं स्वतःच उचलली. मीही गेले, हातात उगाच झाडू घेऊन. त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. आत शिडीच्या घोडीवर तो, खाली घोडी धरून सुनीता; दोघांच्या डोळ्यांवर चष्मे. मी दारात.

त्यानं सीलिंगची पत्र्याची पट्टी स्लॅबला लावली, तिच्यावर गन दाबली, खटका ओढला. नुसतं टक्! काडतूस फुटलंच नाही.

अशा वेळी गन हलवायची नसते, बार उशिरा निघू शकतो. तो तसाच दाबून उभा राहिला. त्याच्या कोपरावरचा घाम सुनीताच्या कपाळावर पडत होता. तिनं पुसला नाही. मग त्यानं सावकाश गन काढली, काडतूस तिनं वर धरलेल्या पाण्याच्या डब्यात सोडलं, नवीन भरलं आणि परत दाबली.

धाड!

पत्र्याची पट्टी स्लॅबला घट्ट बसली. देवानंद तिच्यावर हात ठेवून थांबला. खाली बघेचना.

सुनीता वर पाहत म्हणाली, "पट्टी डावीकडं उतरून राहिली. दुसरा खिळा सरळ मार."